जसं दिसेल तसं

मोठ्या वहिनी आणि छोट्या वहिनी एकमेकींशी बोलत नाहीत, ही गोष्ट घरात दुःखाची होती आणि ऑफिसात अभिमानाची. घर खाली, ऑफिस वर. म्हणजे दुःख आणि अभिमान यांच्यात एका जिन्याचं अंतर. खाली आई सुस्कारे टाकायची, "सख्ख्या जावा, पण एकीचा शब्द दुसरीच्या कानावर पडेल तर शपथ." आणि वर त्यांचे धाकटे दीर, जे ऑफिसचे मालक, हिशेबनीस आणि पंखा बिघडला की वायरमनही होते, ते आलेल्या गिऱ्हाइकाला छाती पुढे काढून सांगायचे, "आमच्या पहिल्या जोडीत कडक अबोला आहे. गॅरंटीचा."

या दिरांना दोघी वहिनी भाऊजी म्हणत, म्हणून ऑफिसातले बाकीचेही भाऊजीच म्हणत. ज्यांच्याशी काही नातं नाही असे कुरियरवालेसुद्धा.

धंदाच असा होता की तिथे अबोल्याला किंमत होती. एका मोठ्या ग्रंथालयाकडून जुन्या, चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजी पुस्तकांच्या पानांचे फोटो यायचे. ते कॉम्प्युटरवर टाइप करून द्यायचे. एकाने नव्हे, दोघांनी. दोघांनी तेच पान वेगवेगळं, एकमेकांना न विचारता, टाइप करायचं. मग कॉम्प्युटर दोन्ही मजकूर एकावर एक ठेवून बघणार आणि जिथे फरक असेल तिथे लाल खूण करणार. लाल खुणा तेवढ्या भाऊजींनी मूळ पानावर तपासायच्या. यामागचा विचार असा, की दोन माणसं चुकतील, पण एकाच जागी एकच चूक करणार नाहीत. करत असतील तर ती एकमेकांना विचारत असणार, नाहीतर नवरा-बायको असणार.

आता माणसं एका खोलीत बसली की विचारतातच. "अहो, हे काय अक्षर वाटतं तुम्हाला?" एवढं एक वाक्य, की झाला घात. दुसऱ्या जोडीतला एकजण तर टाइप करता करता दर दोन शब्दांनी थांबून शेजारच्या स्क्रीनकडे मान वळवायचा, म्हणून त्याचं नावच स्वल्पविराम पडलं होतं. पहिल्या जोडीला तो धोका नव्हता. पान पेटलं असतं तरी मोठ्या वहिनींनी छोट्या वहिनींना काडी कुठे पडली ते विचारलं नसतं.

आणि विचारायची गरज पडावी अशीच ती भाषा होती. त्या काळी इंग्रजीत शुद्धलेखन नावाची वस्तू निघालेली नव्हती. 'शी' कधी एका ईचा, कधी दोन ईंचा, आणि दोन्ही एकाच ओळीत, गुण्यागोविंदाने. 'लव्ह' लिहायचं तर मध्ये व्ही नाही, यू. 'अप' लिहायचं तर सुरुवातीला यू नाही, व्ही. 'गो' आणि 'डू' यांच्या शेपटीला उगाच एक ई. 'हॅथ' आणि 'डथ' आणि 'दाऊ' तर पावलोपावली. त्यात एस हे अक्षर बहुतेक ठिकाणी एफसारखं छापलेलं, त्यामुळे नवशिक्या टायपिस्टला पापाच्या, म्हणजे 'सिन'च्या, जागी माशाचा पर, म्हणजे 'फिन', दिसायचा आणि तो बिचारा धर्मोपदेशकाचं अख्खं प्रवचन माशांवर नेऊन ठेवायचा. ग्रंथालयाचा हुकूम एकच: जसं दिसेल तसं. सुधारायचं नाही. अर्थ लावायचा नाही. भाऊजींनी त्यात स्वतःची भर घातली होती आणि ती मोठ्या अक्षरात भिंतीवर लावली होती: 'बोटं चालवा. डोकं मध्ये आणू नका.'

मोठ्या वहिनींना हे फार जड गेलं होतं. लग्नाआधी आणि नंतरही बरीच वर्षं त्या शाळेत इंग्रजी शिकवत होत्या. मुलांच्या वह्यांवर लाल गोल करण्यात ज्यांची उमेदीची वर्षं गेली, त्यांना आता चूक जशीच्या तशी उतरवून काढायची होती. सुरुवातीला त्यांची बोटं आपोआप दुरुस्त करायची. मग त्यांनी जिद्दीने स्वतःचं शुद्धलेखन बिघडवून घेतलं. माणसाला संगीत विसरायला सांगावं तसं ते काम होतं, पण त्या विसरल्या. छोट्या वहिनींना असला काही त्रास झाला नाही. त्यांचा इंग्रजीशी भावनिक संबंध नव्हता. त्या धान्यातले खडे वेचावेत तशी अक्षरं वेचायच्या आणि मधून मधून शिंकायच्या. त्यांना धुळीचं वावडं होतं, आणि जुन्या पुस्तकांच्या फोटोंतूनही धूळ येते असं त्यांचं प्रामाणिक मत होतं.

तर असं सगळं सुरळीत चाललेलं असताना ग्रंथालयाच्या तपासनीस बाईंचा निरोप आला. उद्या सकाळी येते आहे. पहिल्या जोडीच्या कामात गेल्या काही महिन्यांत लाल खुणा जवळजवळ निघतच नाहीत. हे नैसर्गिक नाही. दोघींना दोन खोल्यांत बसवून, मी आणलेलं नवीन पान माझ्यासमोर टाइप करून घेईन. संगनमत आढळल्यास करार संपला असं समजावं.

भाऊजी आधी हसले. संगनमत! या दोघींत! त्यांना वाटलं, बाईंना एकदा खाली जेवायला बसवावं. मोठ्या वहिनी भिंतीला उद्देशून म्हणतील, "कुणाला मीठ हवं असेल तर समोर आहे," आणि छोट्या वहिनी पाण्याच्या तांब्याला सांगतील, "ज्यांना आमचा स्वयंपाक अळणी वाटतो त्यांनी घ्यावं." शंका फिटेल. पण हसू पुरतं ओसरायच्या आतच त्यांना आठवलं की खरंच, गेल्या काही महिन्यांत त्यांना दुपारी डुलकी काढायला वेळ मिळू लागला होता. लाल खुणा कमी झाल्याचं ते आपल्या देखरेखीचं फळ समजत होते. काम कमी झालं की माणूस कारण शोधत नाही, श्रेय शोधतो.

म्हणून दुपारी त्यांनी पहिल्या जोडीचं ताजं पान उघडलं. पुस्तक मधमाश्या पाळण्याचं होतं. लेखकाच्या मते पोळ्यात राणी नसून राजा असतो, आणि तो फार न्यायी असतो. अख्ख्या पानात एकच लाल खूण. छोट्या वहिनींच्या मजकुरात त्या जागी काहीच नव्हतं. मोठ्या वहिनींच्या मजकुरात तीन शब्द जास्त होते. पहिला टी-एच-ए-एम-बी. दुसरा एस-एच-आय-एन-के. तिसरा ए-एल-आय.

भाऊजींनी मूळ पान बघितलं. तिथे ते शब्द नव्हते. पण भाऊजी पदवीधर होते, त्यामुळे डोळ्यांवर विश्वास ठेवण्याआधी त्यांनी जुन्या शब्दांचा कोश उघडला. पहिला शब्द अंगठ्याचं एखादं जुनं रूप असू शकेल. दुसऱ्याच्या आसपास पेय ओतण्याचं एक मेलेलं क्रियापद सापडलं. तिसरा म्हणजे बिअरच, थोडी आंबलेली. अंगठा लावून बिअर ओतावी. मधमाश्यांना बिअर? का नाही, त्या काळी काय वाट्टेल ते चालायचं. भाऊजींना क्षणभर आपण काहीतरी शोध लावल्यासारखं वाटलं आणि त्या भरात त्यांनी ते वाक्य मोठ्याने, अर्थासकट वाचलं:

"आणि राजा पोळ्याबाहेर पडला असता थांब शिंक आली सारा थवा त्याच्या मागोमाग जातो."

खोलीत पंखा फिरत होता. स्वल्पविरामाने मान वळवून बघितलं आणि परत नेली. भाऊजींनी कोश मिटला.

थांब, शिंक आली. हे मोठ्या वहिनींनी टाइप केलं होतं. आणि शिंका येत होत्या त्या छोट्या वहिनींना.

*

ऑफिसच्या कोपऱ्यात चहाचं सामान ठेवलेलं एक टेबल आणि शेजारी बेसिन होतं. छोट्या वहिनी तिथे कप विसळत होत्या.

"वहिनी," भाऊजी म्हणाले, "तुम्ही सकाळी किती लवकर येता हो ऑफिसात?"

"का? पगार वाढवताय?"

"मोठ्या वहिनीही लवकर येतात म्हणे."

"मला काय माहीत कोण केव्हा येतं. मी काय चौकीदार आहे?"

"वहिनी, तुम्ही त्यांना पान वाचून दाखवता."

छोट्या वहिनींनी कप विसळायचं थांबवलं नाही. तोच कप त्यांनी पुन्हा विसळला, मग पुन्हा. मग नळ बंद केला.

"कुणी सांगितलं? त्यांनी?"

"तुमच्या शिंकेने सांगितलं. त्यांनी तीही टाइप केली आहे."

छोट्या वहिनींच्या चेहऱ्यावर क्षणभर असं काही आलं की त्या हसणार आहेत की रडणार आहेत हे भाऊजींना कळेना. मग त्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "त्यांचं तसंच आहे. माझ्या तोंडातून शब्द निघाला की तो पुस्तकातलाच असणार असं धरून चालतात. दुसरं काही मी त्यांच्याशी बोलतच नाही ना."

"म्हणजे तुमचं अजून..."

"अजून म्हणजे? अबोला आहे तो आहे. मी पान वाचते. सरळ शब्द असला तर शब्द सांगते, वाकडा असला तर अक्षरं सांगते. त्या टाइप करतात. संपलं की मी माझ्या जागेवर, त्या त्यांच्या. ना आभार, ना उपकार."

"पण का?"

छोट्या वहिनींनी पदराला हात पुसले. "त्यांना दिसत नाही, भाऊजी. मधलं दिसत नाही. कडेकडेचं दिसतं. तुमच्याकडे बघतात तेव्हा तुमचे कान दिसतात त्यांना, तोंड नाही. डॉक्टर म्हणाले डोळ्याचा पडदा मधोमध झिजतोय, आणि झिजला तो परत येत नाही. एकट्याच जाऊन आल्या. घरात कुणाला पत्ता नाही."

"मग तुम्हाला कसा पत्ता?"

"त्या चहा कपाबाहेर ओतत होत्या. नेमका कडेवर. तुम्हा सगळ्यांच्या समोर, कितीदा तरी. तुमची आई, तुमचे दादा, तुम्ही, सगळी प्रेमाची माणसं बसली होती. कुणाला दिसलं? प्रेमाची माणसं बघत नाहीत हो भाऊजी, गृहीत धरतात. मी त्यांच्यावर डोळा ठेवून असते. कुठे चुकतात, कुठे सापडतात. शत्रूइतकं बारीक कोण बघतं?"

भाऊजींनी आपलं उद्याचं सांगितलं: तपासनीस बाई, दोन खोल्या, नवीन पान, करार. छोट्या वहिनी ऐकत गेल्या तशा त्यांच्या हातातला कप टेबलावर ठेवला गेला.

"उद्या त्या आजारी आहेत म्हणून सांगा," त्या म्हणाल्या.

"पहिल्या जोडीतली एक नेमकी उद्याच आजारी? बाई दूधखुळ्या नाहीत."

"मग मी आजारी पडते."

"त्याने काय होणार? पान त्यांना वाचायचंय."

"दादांना कळलं तर संपलंच सगळं," छोट्या वहिनी हळू आवाजात म्हणाल्या. "तेवढंच त्यांना नको आहे."

हे भाऊजींना समजावून सांगायची गरज नव्हती. आईचे गुडघे दुखायला लागले तेव्हा दादांनी, म्हणजे मोठ्या वहिनींच्या नवऱ्याने, तिला इतक्या मायेने खुर्चीत बसवलं होतं, की ती पुन्हा उठलीच नाही. आई तू बस, आम्ही आहोत. भाजी आणायला गेली तर बस, झाड पाण्याविना सुकलं तर बस. वर्षभरात तिला खरंच उठता येईना. दादांची सेवा घट्ट असायची.

मोठ्या वहिनी आपल्या टेबलाशी पाठ ताठ ठेवून बसल्या होत्या. भाऊजींनी खुर्ची ओढली. काय म्हणायचं ते ठरवलं होतं, पण वहिनींनी त्यांना तोंड उघडू दिलं नाही.

"तिने सांगितलं ना? तुझ्या चालण्यावरून कळलं. एरवी असा पाय न वाजवता तू फक्त पगार उशिरा होणार असेल तेव्हा येतोस."

"वहिनी, उद्या तुम्ही बसू नका. मी बाईंना काहीतरी सांगतो."

"काय सांगशील? खोटं? तुला जमत नाही. लहानपणी तू बरणीतलं खायचास आणि झाकण लावायला विसरायचास."

"करार गेला तर सगळ्यांची कामं जातील. स्वल्पविरामाचं लग्न ठरलंय."

"म्हणूनच बसणार आहे. मी बसले नाही तर त्या बाईला वाटायचं ते वाटेलच. बसले तर निदान..." त्या थांबल्या. "अक्षर ताटाएवढं मोठं केलं तर मला कडेने दिसतं, मान वळवून. वेळ लागेल. पण दिसतं. एकदा माझं मला करून बघू दे की रे. कितीतरी महिने मी दुसरीच्या डोळ्यांनी टाइप करतेय. मला काय कमी लाज वाटते?"

भाऊजींनी स्क्रीनवर अक्षरं ताटाएवढी करून दिली.

*

तपासनीस बाई वयाने लहान आणि पदाने मोठ्या होत्या. त्यांनी चहा नाकारला, पाण्याची बाटली स्वतःची आणली होती, आणि भिंतीवरची पाटी वाचून त्या नुसत्याच "हं" म्हणाल्या. भाऊजींना ते "हं" दिवसभर पुरलं.

एका खोलीत छोट्या वहिनी, शेजारच्या खोलीत मोठ्या वहिनी, मधे लाकडी पार्टिशन. बाईंनी दोन्हीकडे पान उघडून दिलं. वेळ दुपारच्या जेवणापर्यंत. स्वतः त्या मोठ्या वहिनींच्या दारात खुर्ची टाकून बसल्या. भाऊजी मागे उभे राहिले, लग्नात मुलीच्या बापाने उभं राहावं तसे.

पार्टिशनपलीकडून छोट्या वहिनींची बोटं पावसासारखी वाजू लागली. इकडे मोठ्या वहिनींनी मान उजवीकडे वळवली, कोंबडी दाणा बघते तशी, आणि एक अक्षर टाइप केलं. मान परत सरळ. मग पुन्हा उजवीकडे. दुसरं अक्षर. स्क्रीनवर एका वेळी जेमतेम एक शब्द मावत होता, त्यामुळे शब्द सरकवताना ओळ निसटायची. मग ती शोधायची. एकदा त्या चुकून खालच्या ओळीत गेल्या, त्यांना ते कळलं, परत वर आल्या.

"इतकी मोठी अक्षरं?" बाईंनी विचारलं.

"सवय," भाऊजी म्हणाले. "बारकाईने बघतात."

पलीकडचा पाऊस हळूहळू मंदावला. आधी भाऊजींना वाटलं, छोट्या वहिनींचं संपत आलं. मग लक्षात आलं की त्या इकडची अक्षरं मोजत मुद्दाम सावकाश करत आहेत. इकडचं एक अक्षर वाजलं की तिकडचं एक वाजायचं. नंतर इकडून काहीच वाजेना. मोठ्या वहिनींची मान एकाच जागी वळलेली राहिली. एका शब्दात त्या अडकल्या होत्या. फोटोतच ते अक्षर पुसट असावं. त्या पुढे झुकल्या, मागे झाल्या. हात अधांतरी.

आणि पार्टिशनपलीकडून आवाज आला. स्पष्ट, खणखणीत, वर्गात कविता म्हणावी तसा.

"एच... ओ... एन... एन... आय... ई..."

बाईंनी मान वर केली. "हे काय?"

"त्यांना मनात वाचता येत नाही," भाऊजी म्हणाले. आपण काय बोललो ते त्यांच्या कानांनी ऐकलं आणि कानांनाही लाज वाटली.

बाई उठून पलीकडे गेल्या. "कृपया आवाज करू नका." त्यावर छोट्या वहिनी म्हणाल्या, "का? ग्रंथालयात बसलोय का?" तेवढी काही सेकंदं मोठ्या वहिनींवर बाईंची नजर नव्हती. मधाच्या इंग्रजी शब्दाची जुन्या वळणाची सहा अक्षरं त्यांच्या कानात पडली होती. बोटांना फक्त खाली यायचं होतं. मोठ्या वहिनींनी दोन्ही हात की-बोर्डवरून उचलले आणि मांडीवर, एकावर एक ठेवले. बाई परत येऊन बसेपर्यंत ते तिथेच होते. मग त्यांनी मान वळवली, तो शब्द जमेल तसा स्वतः वाचला आणि चुकीचा टाइप केला.

वेळ संपली. बाईंनी दोन्ही मजकूर एकावर एक ठेवले. कॉम्प्युटरने क्षणभर विचार केला आणि पान लाल झालं. गोवर आल्यासारखं. एका ठिकाणी पूर्ण ओळ सुटली होती. भाऊजींना त्या लालीत अचानक आशा दिसली.

"बघा!" ते म्हणाले. "बघा, किती फरक! दोन स्वतंत्र डोकी! याला म्हणतात..."

"आज स्वतंत्र आहेत," बाई म्हणाल्या. "परवापर्यंत नव्हत्या. वेगळं बसवल्याबरोबर फरक इतका वाढतो, याचा अर्थ आधी कुणीतरी एक दुसरीला सांगत होतं." त्या चिडलेल्या नव्हत्या, ते जास्त वाईट होतं. "मला कारण लिहायचं आहे. काय लिहू?"

"त्यांना आज जरा ताप..." भाऊजींनी सुरुवात केली.

"ताप नाही," मोठ्या वहिनी म्हणाल्या. त्या दारात उभ्या होत्या, एक हात चौकटीवर. "मला दिसत नाही. बरेच महिने झाले. ती मला वाचून दाखवायची. लिहा तसं. दोष माझा. मी सांगायला हवं होतं, नाही सांगितलं."

"दोष कसला तुमचा!" पार्टिशनमागून छोट्या वहिनी आल्या. त्यांचा चेहरा लालबुंद होता. "मी सांगत होते ना अक्षरं! टाइप का नाही केलीत? बोटं झिजली असती?"

मोठ्या वहिनींनी आवाजाच्या दिशेने तोंड फिरवलं, जरा जास्तच उजवीकडे. कित्येक वर्षांनी त्या छोट्या वहिनींशी बोलणार होत्या, आणि ते भाऊजींना, स्वल्पविरामाला आणि जिन्यात कान लावून बसलेल्या निम्म्या ऑफिसला ठाऊक होतं.

"कुणी सांगितलं होतं बोंबलायला? परीक्षेत बाकावरून उत्तरं सांगणारी पोरं मी वर्गाबाहेर काढायची."

"हो, काढा मला वर्गाबाहेर! रोज पहाटे उठून घसा कोरडा करतेय मी, आणि तुम्हाला तत्त्व सुचतंय!"

"मी मागितलं होतं? तूच येऊन खुर्ची ओढून वाचायला लागलीस. विचारलंस तरी का?"

"विचारायला बोलावं लागतं!"

"मग बोलायचं होतंस!"

"तुम्ही बोलायचं होतंत! थोरल्या कोण आहेत?"

तपासनीस बाईंनी पाण्याची बाटली उघडली, एक घोट घेतला आणि झाकण परत लावलं. घाई केली नाही.

मग त्यांनी निर्णय सांगितला. मोठ्या वहिनी आणि छोट्या वहिनी यांची जोडी रद्द. मधमाश्यांचं पुस्तक पहिल्या पानापासून पुन्हा, विनामोबदला. बाकीच्या जोड्यांचं काम ठीक असल्यामुळे करार चालू राहील. पण मोठ्या वहिनींना या कामावर बसवता येणार नाही. "माझा नाइलाज आहे," त्या म्हणाल्या, आणि तो खरोखर नाइलाज असल्यासारखा वाटला.

"मग माझीही खुर्ची काढा," छोट्या वहिनी म्हणाल्या.

"गप्प बैस," मोठ्या वहिनी म्हणाल्या. "दोघींनी घरी बसून काय करायचं? एकमेकींची तोंडं बघायची?"

"तुम्हाला कुठे दिसतंय तोंड."

स्वल्पविरामाने मान वळवली ती तशीच ठेवली. छोट्या वहिनींनी तोंडावर हात घेतला. भाऊजी पुढे सरकले, काय करायला ते त्यांनाही माहीत नव्हतं.

मोठ्या वहिनींच्या नाकातून एक बारीक आवाज निघाला. मग दुसरा. त्या हसत होत्या. आधी खांदे हलले, मग पोट, मग त्यांना चौकट दोन्ही हातांनी धरावी लागली.

"तेवढं एक बरं झालं," त्या डोळे पुसत म्हणाल्या.

बाई सामान आवरू लागल्या. मधमाश्यांचं पुस्तक आता कुणासमोर कोण बसून करणार, हे त्यांना लिहून घ्यायचं होतं. भाऊजी म्हणाले, छोट्या वहिनींसमोर मी बसतो. दुसरं कुणी मोकळं नाही.

"तुमचं आणि त्यांचं बोलणं आहे?"

"आहे की. माझ्या वहिनी आहेत."

"आजपासून नाही," छोट्या वहिनी म्हणाल्या. "यांनीच अक्षरं मोठी करून त्यांना तिथे बसवलं. चारचौघांत धिंडवडे काढायला. मी यांच्याशी एक शब्द बोलणार नाही."

बाईंनी ते लिहून घेतलं.

दादांना कोण सांगणार, हा प्रश्न भाऊजींनी विचारला तेव्हा मोठ्या वहिनी आपल्या टेबलावरच्या वस्तू पिशवीत भरत होत्या. चष्म्याचं घर, रुमाल, हाताला लावायचं मलम. प्रत्येक वस्तू त्या आधी चाचपून ओळखत होत्या, सगळ्यांच्या देखत. आता लपवायचं काही उरलं नव्हतं.

"मीच सांगेन. आत्ताच. तो जेवायला आला असेल," त्या म्हणाल्या. "आणि आई बसली आहे त्या खुर्चीच्या शेजारी त्याने दुसरी खुर्ची मांडली, तर ती कुठे ठेवायची तेही सांगेन. माझी शाळा होती त्या रस्त्यावर मुलांना तोंडी इंग्रजी शिकवणारं कुणी नाही. त्याला डोळे लागत नाहीत. तू मध्ये तोंड घालू नकोस."

"दादा ऐकणार नाही, वहिनी."

"नाही ऐकणार. मग पुन्हा सांगेन."

त्यांच्या आवाजात भीती होती. भाऊजींनी ती ऐकली. पिशवीचे बंद वहिनींना दोनदा बांधावे लागले.

छोट्या वहिनी आधीच दाराशी जाऊन उभ्या होत्या. दोघी जिन्याकडे वळल्या. मोठ्या वहिनींचा एक हात भिंतीवर होता आणि दुसरा मोकळा.

भाऊजी रिकाम्या खुर्चीत बसले. स्क्रीनवर अजून ताटाएवढं अक्षर होतं. त्यांनी ते लहान केलं, मधमाश्यांच्या पुस्तकाचं पहिलं पान उघडलं आणि टाइप करायला बोटं ठेवली. पण जिन्यातून आवाज येत होते, आणि त्यांना काही केल्या सुरुवात करता येईना.

"धर ना हात. नुसती काय बाजूने चालतेस?"

"तुम्ही धरा. मला काय माहीत तुम्हाला चालतं की नाही."

"मधली पायरी कुठेय?"

"आहे तिथेच आहे. अहो डावीकडे नाही, इकडे. इकडे! एवढ्या मोठ्या शाळेत शिकवलंत..."

"ओरडू नकोस. खाली ऐकू जाईल."

"जाऊ दे की. सांगायलाच चाललोय ना आपण?"